शिकवण्याचे साहित्य ठेवायचे कुठे?

एखाद्या महाविद्यालयाने आपली टिपणे, व्हिडिओ, प्रश्नसंच, प्रात्यक्षिकांच्या कृती असे सगळे ऑनलाइन साहित्य एका जागी आणायचे ठरवले, की पहिली बैठक हमखास सुविधांच्या यादीवर होते. चाचणी घेता येते का, हजेरी लागते का, मोबाइल ॲप आहे का, पालकांना मेसेज जातो का. कंपन्यांची माणसे येऊन डेमो दाखवतात, तक्त्यात बरोबरच्या खुणा पडत जातात आणि ज्याच्या खुणा जास्त व दर कमी, त्या प्रणालीची ऑर्डर निघते. या तक्त्यात एक प्रश्न सहसा नसतो आणि माझ्या मते निवडीची सुरुवात त्यापासूनच व्हायला हवी: उद्या ही प्रणाली सोडावी लागली, तर आत घातलेले साहित्य धड अवस्थेत बाहेर काढता येईल का? प्रणाली सोडायची वेळ येतेच. कंपनी बंद पडते, दर वाढतात, नवी आवृत्ती जुन्या सर्व्हरवर चालत नाही किंवा सगळे सांभाळणारा एकमेव माणूस नोकरी सोडून जातो. त्रिकोणमितीवर नीट लिहिलेली टिपणे मात्र वीस वर्षे वापरता येतात, वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची चांगली कृती त्याहूनही जास्त. साहित्याचे आयुष्य मोठे आणि सॉफ्टवेअरचे छोटे, हे एकदा मान्य केले की निवडीचे सगळे निकषच बदलतात.

याचा ठळक पुरावा ऑनलाइन शैक्षणिक साहित्याच्या सर्वांत गाजलेल्या प्रकल्पात मिळतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा एप्रिल 2001 मध्ये केली आणि सप्टेंबर 2002 मध्ये पहिले 50 अभ्यासक्रम ‘ओपनकोर्सवेअर’ या नावाने लोकांपुढे आले. सुरुवातीला हे साहित्य मायक्रोसॉफ्टच्या कंटेंट मॅनेजमेंट सर्व्हरवर होते. पुढे मायक्रोसॉफ्टने ते उत्पादनच शेअरपॉइंटमध्ये विलीन केले. ओपनकोर्सवेअर मग प्लोन या मुक्त स्रोत प्रणालीवर गेले. तेही कायमचे ठरले नाही. 2022 मध्ये आलेली नवी साइट ह्यूगो या साधनाने तयार केलेल्या साध्या, आधीच बनवून ठेवलेल्या पानांची आहे. म्हणजे वीस वर्षांत तीन प्रणाली झाल्या आणि साहित्य दर वेळी पुढे नेता आले. एमआयटीकडे पैसा आणि माणसे होती, हे खरेच. पण आणखी एक निर्णय त्यांच्या कामी आला असे मला वाटते. त्यांनी पहिल्यापासून या कामाला प्रकाशन मानले, वर्ग मानले नाही. तिथे प्रवेश नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही आणि वाचण्यासाठी लॉगिनही लागत नाही. साहित्याभोवती विद्यार्थ्यांच्या नोंदींचा गुंता नसल्यामुळे ते उचलून दुसरीकडे ठेवणे शक्य झाले. ज्या संस्थेकडे एमआयटीएवढा पैसा नाही, तिला तर हा गुंता अजिबात परवडणारा नाही.

दुसरे उदाहरण राइस विद्यापीठाचे. तिथे रिचर्ड बॅरानियुक यांनी 1999 मध्ये ‘कनेक्शन्स’ हा प्रकल्प सुरू केला. पुस्तक न लिहिता छोटे छोटे घटक लिहायचे, ते खुल्या परवान्याखाली ठेवायचे आणि ज्याला हवे त्याने ते जोडून आपला अभ्यासक्रम बनवायचा, अशी त्याची कल्पना होती. इथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे हे घटक साठवण्याची रीत. त्यासाठी एक्सएमएलवर आधारलेली एक खास मांडणी केली होती. एखादे वाक्य ठळक आणि मोठ्या अक्षरात आहे, एवढीच नोंद त्यात होत नसे. ती व्याख्या आहे, हे उदाहरण आहे, हा स्वाध्याय आहे आणि हे त्याचे उत्तर, असे तिथे लिहून ठेवलेले असे. दिसायचे कसे, हे नंतर ठरवता येई. त्यामुळे त्याच मजकुरातून वेबपान निघे आणि छापील पुस्तकही. 2012 मध्ये याच पायावर ‘ओपनस्टॅक्स’ची मोफत पाठ्यपुस्तके येऊ लागली. कनेक्शन्सची जुनी साइट 2022 मध्ये बंद झाली, तिच्यामागची प्रणालीही गेली. ओपनस्टॅक्सची पुस्तके मात्र आजही त्याच मांडणीत साठवली जातात.

आता शब्दांच्या गोंधळातून थोडी वाट काढली पाहिजे, कारण बाजारात सगळ्यालाच ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. वर्डप्रेस, ड्रुपल, प्लोन या कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे सीएमएस. त्यांचे काम मजकूर लिहून घेणे, जुन्या आवृत्त्या जपणे आणि तो वाचकापुढे मांडणे. मूडल, कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड या लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. त्यांचा केंद्रबिंदू वर्ग असतो: कोण दाखल आहे, कोणी गृहपाठ दिला, कोणाला किती गुण. मूडलची पहिली आवृत्ती ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी 2002 मध्ये आणली आणि तिची घडण आजही वर्गाचीच आहे. आपल्याकडे होते असे, की वर्गासाठीची प्रणाली घेतली जाते आणि साहित्यही तिच्यातच कोंबले जाते. त्याचे परिणाम दुसऱ्या वर्षापासून दिसतात. 2023-24 च्या वर्गात घातलेली टिपणे 2024-25 च्या वर्गात कॉपी होतात, तुकडी ‘ब’साठी आणखी एक प्रत निघते. एखाद्या सूत्रातली चूक विद्यार्थ्याने दाखवली, ती एका प्रतीत दुरुस्त झाली आणि बाकीच्या प्रती तशाच राहिल्या. पाच वर्षांनी त्याच धड्याच्या सहा-सात प्रती असतात आणि त्यांतली खरी कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सगळे लॉगिनच्या आड. दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला त्याचा उपयोग नाही, शोधयंत्राला ते सापडत नाही, आणि पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्यालाही पुन्हा उघडता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की साहित्याची एकच मूळ प्रत वर्गाबाहेर, सीएमएसमध्ये असावी आणि वर्गाच्या प्रणालीत फक्त तिचा दुवा द्यावा.

‘आमच्याकडे एक्सपोर्टची सोय आहे’ असे प्रत्येक विक्रेता सांगतो आणि ते बहुधा खरेही असते. पण बाहेर येणे म्हणजे नेमके काय, हे विचारावे लागते. पीडीएफ बाहेर आली तर वाचता येते, दुरुस्त करता येत नाही. ई-धडे एका प्रणालीतून दुसरीकडे नेण्यासाठीच्या स्कॉर्म या मानकाचे उदाहरण अधिक फसवे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून आलेल्या या मानकाची 1.2 ही आवृत्ती 2001 ची, आणि आजही ती जवळपास प्रत्येक प्रणालीत चालते. स्कॉर्म पॅकेज ही एक झिप फाइल असते, आत धड्याची पाने आणि त्यांची यादी देणारी एक एक्सएमएल फाइल. कुठेही टाका, धडा सुरू होतो. मात्र त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारायची, तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये धडा मुळात बनवला त्याची मूळ फाइल लागते, आणि ती बऱ्याचदा धडा करून देणाऱ्या एजन्सीकडे राहिलेली असते. त्या मानाने एचफाइव्हपी बरे. त्यातला परस्परक्रियेचा घटकही झिपच असतो, पण मूडलमधून काढून वर्डप्रेसमध्ये टाकला तरी पुन्हा उघडून बदलता येतो. मूडलचा पूर्ण बॅकअप दुसऱ्या मूडलमध्ये छान उतरतो. दुसऱ्या जातीच्या प्रणालीत अर्धामुर्धाच. प्रश्नसंचासाठी तर सर्वांत टिकाऊ गोष्ट सर्वांत साधी आहे. मूडलला कळणाऱ्या ‘गिफ्ट’ या पद्धतीत प्रश्न साध्या मजकुरात लिहितात, पर्याय महिरपी कंसात देतात, बरोबर उत्तराआधी बरोबरचे चिन्ह आणि चुकीच्या उत्तराआधी नागमोडी रेघ. हजार प्रश्नांची अशी फाइल कोणत्याही संगणकावर, कोणतेही खास सॉफ्टवेअर नसताना वाचता येते. उद्या मूडल नसले तरी माणसाला ती समजेल आणि एखादा विद्यार्थीही छोटा प्रोग्रॅम लिहून ती नव्या प्रणालीच्या साच्यात बसवू शकेल.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी टोकदार आहे, कारण आपण एकदा पोळलो आहोत. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, तरी पुढची कित्येक वर्षे मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत टंकला गेला. त्यात पडद्यावर देवनागरी दिसे, पण यंत्राच्या लेखी आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. तो विशिष्ट फाँट गेला की मजकूर गेला. अशा फाइलींमधून बनवलेल्या पीडीएफमधला परिच्छेद आज कॉपी केला तर भलतीच चिन्हे हाती येतात, शोधता काहीच येत नाही. तेव्हा प्रणाली युनिकोड घेते का, हा प्रश्न आता पुरेसा नाही. जुना मजकूर आधी रूपांतरित करून, माणसाकडून तपासून मगच आत घालायला हवा, आणि या कामाचा खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा. त्यापुढेही बारकावे आहेत. ‘वाऱ्याची दिशा’ हे शब्द घ्या. यातले ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवता येते: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकसारखे दिसतात, शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. भूगोलाच्या शिक्षकाने एका प्रकारे टंकलेले आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकारे शोधलेले, की ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येते. दोन्ही रूपे एकच मानायला प्रणालीला शिकवता येते का, हे डेमोच्या वेळीच टाइप करून पाहावे. तसेच पानाची भाषा मराठी अशी नोंदवता येते का, तेही पाहावे. ती नोंद असली तर काही चांगले फाँट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, नसली तर हिंदी वळणाचे. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडणार की हिंदी, हेही याच नोंदीवरून ठरू शकते. सूत्रे चित्र म्हणून चिकटवली तर त्याला ती ऐकूच येत नाहीत. लेटेक पद्धतीने मजकुरात लिहिली आणि मॅथजॅक्ससारख्या साधनाने दाखवली, तर ऐकताही येतात आणि दुरुस्तही होतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपन्यांच्या फुकट सेवा आहेत, शिक्षकांना त्यांची सवय आहे, सर्व्हर सांभाळावा लागत नाही. आक्षेप रास्त आहे. 2014 मध्ये आलेल्या गूगल क्लासरूमने करोनाच्या काळात असंख्य वर्ग चालू ठेवले, ते याच सोपेपणामुळे. पण फुकट सेवेच्या अटी देणारा ठरवतो. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण जुलै 2022 पासून थांबवली आणि प्रत्येक संस्थेला मिळून 100 टेराबाइटची मर्यादा घातली. मोठ्या विद्यापीठांना त्यानंतर काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा हिशेब करावा लागला. जगभर शिक्षक वापरत असलेली एडमोडो ही सेवा सप्टेंबर 2022 मध्ये बंदच झाली. त्याआधी 2018 मध्ये विकीस्पेसेस गेले, ज्यावर शिक्षकांनी वर्षानुवर्षे आपली पाने रचली होती. आणि फ्लॅशचे काय झाले ते सर्वांनी पाहिले: 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि फ्लॅशमध्ये केलेले विज्ञानाचे ॲनिमेशन ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. या सेवा वाईट होत्या असे नाही. वर्ग चालवायला, गृहपाठ घ्यायला त्या जरूर वापराव्यात. एडमोडो बंद झाल्यावर ज्यांची मूळ टिपणे दुसरीकडे होती त्यांना फक्त वर्ग हलवावा लागला, आणि ज्यांचे सगळे तिथेच होते त्यांना दिलेल्या मुदतीत सारे उपसून काढावे लागले.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मुक्त स्रोत प्रणाली फुकट मिळते, पण फुकट चालत नाही. ड्रुपलची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. 2015 मध्ये आलेली ड्रुपल 8 ही आतून इतकी बदलली होती, की ड्रुपल 7 वरून तिच्यावर जाणे म्हणजे साइट जवळपास नव्याने उभारणे होते. लोक हलेनात, म्हणून ड्रुपल 7 ची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आणि अखेर ती 5 जानेवारी 2025 ला संपली. ज्या संस्थांकडे विकसक नव्हते, त्या या काळात दोन्हीकडून अडकल्या: पुढे जाता येईना आणि जुन्यावर राहणे सुरक्षित नव्हते. मूडललाही नियमित अद्ययावत करावे लागते, नाहीतर हॅकर आत शिरतात. वर्डप्रेसच्या दुर्लक्षित प्लगइनमधून साइट बिघडण्याचे प्रकार तर सर्रास होतात. म्हणून प्रणाली निवडताना सॉफ्टवेअरची ताकद जोखण्याआधी आपल्याकडचे मनुष्यबळ पाहावे. पूर्णवेळ तांत्रिक माणूस नसेल, तर ड्रुपलच्या वाटेला जाऊ नये, आणि मूडल घ्यायचे तर कोणाकडून तरी सांभाळून घ्यावे. मग साहित्यासाठी उरते ती सगळ्यांत कमी झंझटीची वाट: साध्या पानांची साइट. आत डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे हल्ला करायला फारसे काही नाही आणि अगदी स्वस्त होस्टिंगवरही ती वर्षानुवर्षे चालते. एमआयटी शेवटी याच दिशेने गेली, हे लहान महाविद्यालयाने जरूर लक्षात घ्यावे. अशा साइटवर सुविधा कमी असतात. पण वर्ग दुसरीकडे चालणार असेल, तर साहित्याच्या जागेला त्या सुविधा लागतही नाहीत.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा असतो. व्याख्या, उदाहरण, स्वाध्याय अशा खुणा करत लिहायला आम्हाला वेळ नाही, आम्ही वर्डमध्ये लिहितो आणि पाठवतो. शिक्षकावर आधीच कामाचा किती बोजा आहे हे पाहता, या तक्रारीला ‘शिका की’ असे उत्तर देणे अन्यायाचे होईल. सुदैवाने तशी गरज नाही. वर्डमध्ये मथळा मोठ्या अक्षरात रंगवण्याऐवजी मथळ्याची शैली लावली, तक्ता खरा तक्ता म्हणून घातला आणि चित्राखाली त्याचे वर्णन लिहिले, तरी निम्म्याहून जास्त काम झाले. पॅनडॉकसारखी मोफत साधने अशा फाइलीतून स्वच्छ वेबपान काढून देतात. उरलेली डागडुजी विभागातल्या एका माणसाने करावी आणि तिचे श्रम कामाच्या तासांत मोजले जावेत. मजकूर मुळाशी धरला की काय साधते, हे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात दिसते. तिथे प्रत्येक व्हिडिओची संहिता आधी लिहिली जाते, वाक्यांपुढे वेळा टाकल्या जातात आणि त्या संहितेचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतर होऊन आवाज भरला जातो. संहिता वेगळी, उघड आणि खुल्या परवान्याची असल्यामुळे एका इंग्रजी पाठाचे मराठी, तमिळ, बंगाली पाठ होतात. नुसता व्हिडिओ चढवून दिला असता तर प्रत्येक भाषेला तो ऐकून पुन्हा उतरवून घ्यावा लागला असता.

दुर्गम भागातल्या शाळा-महाविद्यालयांना साहित्य वर्गाच्या प्रणालीपासून वेगळे ठेवण्याचा आणखी एक फायदा होतो. जिथे इंटरनेट धड चालत नाही तिथे लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेची कोलिब्री ही प्रणाली वापरता येते. साहित्य एकदा पेन ड्राइव्हवरून छोट्या संगणकावर उतरवायचे आणि वर्गातल्या मोबाइलना स्थानिक वायफायवरून द्यायचे, बाहेरच्या जोडणीशिवाय. पण कोलिब्रीत भरायला साहित्य सुट्या, उचलता येणाऱ्या फाइलींत हवे. लॉगिनच्या आड विखुरलेले साहित्य अशा गावापर्यंत पोचत नाही.

तेव्हा निवड करताना एकच धडा हाती घ्यावा, आणि तो मुद्दाम अवघड निवडावा: दोन-चार सूत्रे, एक मोठा तक्ता, नावे दिलेली आकृती, ‘ऱ्य’ असलेले शब्द, एक छोटा व्हिडिओ आणि दहा प्रश्न. तो विक्रेत्याच्या माणसाकडून नाही, आपल्याच शिक्षकाकडून प्रणालीत भरून घ्यावा. मग सगळा बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत टाकावा आणि काय गळाले ते कागदावर लिहावे. दीड दिवसात होणारी ही चाचणी शंभर ओळींच्या तक्त्याहून जास्त सांगते. मात्र एक गोष्ट या चाचणीत दिसत नाही, ती म्हणजे पत्ता. दीक्षा हे राष्ट्रीय व्यासपीठ सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाले आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही त्याचे क्यूआर कोड आले. त्या कोडमागे सहा अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो. तो थेट एखाद्या फाइलीकडे बोट दाखवत नाही. कोणत्या क्रमांकाला कोणते साहित्य, याची नोंद मध्ये वेगळी ठेवलेली असते. त्यामुळे व्हिडिओ बदलला तरी लाखो छापील पुस्तके बाद होत नाहीत. लहान संस्थेला हेच आपल्या डोमेनवर करता येते. छापील पुस्तिकेत, क्यूआर कोडमध्ये, वर्गाच्या प्रणालीत कायम स्वतःच्या डोमेनवरचा छोटा पत्ता द्यावा आणि तो पुढे जिथे साहित्य असेल तिथे वळवावा. डोमेन संस्थेच्या नावावर नोंदलेले हवे, कंत्राटदाराच्या किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या खाजगी ईमेलवर नको. आणि करारात एवढे लिहून घ्यावे: दर सहा महिन्यांनी सर्व साहित्याची, मूळ संपादनयोग्य फाइलींसह, पूर्ण प्रत संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर दिली जाईल, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवल्याशिवाय पुढचे बिल मंजूर होणार नाही.